कार्ड जोडा, पण दुसऱ्यांच्या शाळेला

अमेरिकेत ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या की पालकांच्या ईमेलमध्ये दोन गोष्टी हमखास येऊन पडतात. एक म्हणजे सामानाची यादी: पेन्सिली, ग्लू स्टिक, टिश्यूची खोकी, झिपलॉकच्या पिशव्या. दुसरी, पालक-शिक्षक संघटनेची आठवण: 'क्रोगरचं कार्ड आपल्या शाळेला जोडलंत ना?' मी सिनसिनाटीच्या एका उपनगरात राहते. किराणा दुकानांची ही साखळी १८८३ साली याच शहरात सुरू झाली आणि तिचं मुख्यालयही इथलंच. माझं कार्ड मी जोडलंय, पण माझ्या मुलीच्या शाळेला नाही, तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका प्राथमिक शाळेला. ज्यांना जमेल त्यांनी असंच करावं, असं माझं ठाम मत आहे.

योजना अगदी सोपी आहे. खात्यात जाऊन यादीतली एक संस्था निवडायची. त्यानंतर बिल करताना कार्ड दाखवलं की खरेदी त्या संस्थेच्या नावावर धरली जाते आणि कंपनी दर तिमाहीला त्या प्रमाणात तिला पैसे पाठवते. गिऱ्हाइकाला पदरचं काही घालावं लागत नाही, पेट्रोलच्या सवलतीचे पॉइंटही कमी होत नाहीत. ही कल्पना जुनीच. कँपबेल सूपची लेबलं साठवून शाळेला वस्तू मिळवायची योजना १९७३ मध्ये सुरू झाली. १९९६ मध्ये जनरल मिल्सचे 'बॉक्स टॉप्स' आले. सीरियलच्या खोक्यावरचा टपाल तिकिटाएवढा तुकडा कात्रीने कापायचा, कागदावर चिकटवायचा, मुलाच्या दप्तरातून शाळेत धाडायचा. एका तुकड्याचे दहा सेंट. २०१९ पासून कात्रीची जागा फोनने घेतली, आता पावतीचा फोटो काढतात.

अडचण आहे ती 'खरेदीच्या प्रमाणात' या अटीत. ज्याची ट्रॉली भरलेली, त्याच्या शाळेची झोळी भरलेली. ओहायोत हे आणखी खुपतं, कारण इथे शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. १९९७ मध्ये डिरोल्फ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. या करावर भिस्त फार, हे त्यामागचं एक मोठं कारण. पुढे सूत्रं बदलली, पण आजही शाळेला जादा पैसा हवा असेल तर 'लेव्ही', म्हणजे जादा कराचा प्रस्ताव, मतदानाला टाकावी लागते आणि घरोघरच्या हिरवळीवर बाजूच्या-विरोधाच्या पाट्या उभ्या राहतात. आमच्या भागात घरं महाग, त्यामुळे कर जास्त जमतो. वर पालकांचे लिलाव, फन रन आणि हे किराण्याचे पैसे. म्हणजे पाणी जिथे आधीच तुंबलंय तिथेच आणखी वळतं.

दुसऱ्या टोकाच्या त्या शाळेत मी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. तिथल्या एका बाईंचं कपाट मला माहीत आहे. वरच्या कप्प्यात टिश्यू आणि पेन्सिली, मधल्या कप्प्यात डबा न आणणाऱ्या मुलांसाठी क्रॅकरची पाकिटं, खाली हिवाळ्यासाठी चार-सहा हातमोज्यांचे जोड. सगळं त्यांच्या पगारातून. शिक्षकांच्या अशा पदरखर्चाला करात वजावट मिळते. २०२२ मध्ये तिची मर्यादा २५० वरून ३०० डॉलर झाली. शिक्षक खिशातून घालतात हे सरकारलाही ठाऊक आहे, एवढाच याचा अर्थ.

एका मैत्रिणीने मला विचारलंच, "अगं, घरचं सोडून बाहेर कशाला?" तिचा प्रश्न रास्त आहे. पण एका कुटुंबाच्या किराण्यातून वर्षाकाठी जमतं तरी किती? शिवाय आमची तूरडाळ, पोहे, हिंग देशी दुकानातून येतं, ते यात धरलंच जात नाही. तेवढ्या रकमेचा चेक मी मुलीच्या शाळेला वेगळा देते. त्या बाईंच्या शाळेत मात्र तेवढ्यातही फरक पडतो.

ही कंपनीची जाहिरात आहे, हा आक्षेपही मला मान्य आहे. तिच्या भरवशावर कुठल्याही शाळेने बसू नये. 'अॅमेझॉनस्माइल'मधून खरेदीचा अर्धा टक्का संस्थांना जायचा. ती योजना २०२३च्या फेब्रुवारीत बंद झाली, तेव्हा प्रत्येक संस्थेच्या वाट्याला सरासरी २३० डॉलरही येत नव्हते. शाळा चालते ती कराच्या पैशावर, म्हणून लेव्हीचं मतदान मी चुकवत नाही. कार्ड हे त्यानंतरचं.

महाराष्ट्रात कार्ड नाही, पण कल तोच दिसतो. माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅप गट जमतो, वर्गणी निघते आणि ज्या शाळेचे विद्यार्थी पुण्या-मुंबईत, परदेशात कमावते झाले तिलाच आणखी एक स्मार्ट टीव्ही मिळतो. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेचा गट कोण काढणार? मी साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि त्यांच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र जेवली. गावोगावच्या लोकांनी त्यासाठी धान्य दिलं. त्या धान्यावर जेवणारा मुलगा आपल्याच घरचा असावा, अशी अट कोणी घातली नव्हती.

म्हणून गटातल्या मंडळींना एक सुचवते. पैसे गोळा करण्याआधी यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदींची माहिती उघडा. कुठल्या शाळेत किती वर्गखोल्या, किती शिक्षक, वीज आणि स्वच्छतागृहं आहेत की नाहीत, हे तिथे शाळावार मिळतं. तालुक्यातल्या शाळांच्या त्या रांगेत आपली शाळा कुठे उभी आहे ते पाहा. ती वरच्या चार-पाचांत असेल, तर यंदाची वर्गणी खालच्या एखादीला द्या.