जुनी मोटार घेण्यापूर्वी

आंब्याचे पैसे हाती आले की घरात जुन्या मोटारीचा विषय निघतो. घ्या जरूर, पण रंगाला भुलू नका. रंगारी गंजही झाकतो! हर्णे बंदरात मासळीच्या लिलावाला वाळूत उतरणारी गाडी खाऱ्या पाण्याने खालून सडते. वाकून चासी पाहा, पान्याने ठोकून पाहा. इंजिन उघडून नीट करता येते, सडलेल्या चासीला इलाज महाग. घेतल्यावर बंदरावरून आलात की गोड्या पाण्याने खालून धुवा.

आता कागद. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरील मोटारीला २०२५ पासून १०,००० पडतात. सौद्याआधी नोंदणीची तारीख वाचा आणि ही रक्कम किमतीतून कापून मागा.