हिशेबाची वही : राजा प्रसेनजिताचे वजन आणि पोरांचे अ‍ॅप



आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुले आता नुसती नोकरीच्या जाहिरातींची वाट पाहत बसत नाहीत. संगणक शिकलेली पोरे "आपण अ‍ॅप काढू" असे म्हणू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. विहारात अभ्यासाला येणाऱ्या दोन तरुणांनी असाच एक बेत कागदावर मांडून मला दाखवला. माणसाने दर आठवड्याला आपले वजन मोबाईलमध्ये नोंदवायचे. समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो काढायचे. सहा महिन्यांनी पहिला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून शरीरात काय फरक पडला ते पाहायचे. असे हे अ‍ॅप. भांडवल दोन लाख रुपये. ते कुठून आणणार? तर एकाची आई कारखान्यातून निवृत्त झाली आहे, तिच्या फंडातून.

त्या माऊलीने आयुष्यभर पाळ्या करून साठवलेला हा पैसा आहे. म्हणून पोरांच्या उत्साहावर पाणी न ओतता, पण डोळे उघडे ठेवून, आपण हा हिशेब मांडू. अशा बेतांची चर्चा आज अनेक घरांत चालू असेल.

आधी हे पाहू की अशा अ‍ॅपचा उपयोग आहे का? आहे. वजनकाटा रोज पूर्ण सत्य सांगत नाही. आदल्या रात्री खारट खाल्ले, पाणी जास्त प्यायले, पोट साफ झाले नाही, एवढ्याने काटा किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतो. व्यायाम करणाऱ्याची चरबी घटते आणि स्नायू वाढतात. तेव्हा काटा जागच्या जागी राहतो आणि माणूस निराश होऊन व्यायाम सोडतो. अशा वेळी एकाच जागी, एकाच उजेडात काढलेला फोटो त्याला धीर देतो. गिऱ्हाईकही कमी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा जाड आढळले. त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा बारीक होते. म्हणजे वजन कमी करणाऱ्यांबरोबरच वजन वाढवण्याची गरज असणारा वर्गही आपल्या देशात आहे, आणि तो आपल्याच वस्त्यांत जास्त दिसतो. क्षयाचे औषध घेणाऱ्या रोग्याचे वजन वाढते आहे का, हे डॉक्टर मुद्दाम पाहतात. भरतीची तयारी करणाऱ्या पोरालाही वजनाची चिंता असते.

पण गरज असणे वेगळे आणि त्यासाठी माणसाने खिशात हात घालणे वेगळे. वजन नोंदवायची आणि फोटो ठेवायची सोय प्रत्येक मोबाईलमध्ये फुकट आहे. मग माणूस पैसे कशाचे देईल?

याचे उत्तर आपल्याच धम्मग्रंथात आहे. संयुत्तनिकायात कोसलचा राजा प्रसेनजित, म्हणजे पालीतला पसेनदी, याची कथा येते. राजा प्रचंड जेवायचा. एकदा भरपेट जेवून धापा टाकत तो श्रावस्तीत तथागतांपुढे येऊन बसला. तथागतांनी त्याला न हिणवता एक छोटी गाथा सांगितली. जो स्मृती ठेवून, मात्रा ओळखून जेवतो, त्याच्या व्याधी कमी होतात आणि म्हातारपण उशिरा येते, असा तिचा आशय. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली, आणि माझ्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणत जा, रोजचे शंभर कार्षापण देईन, असे सांगितले. हळूहळू राजाचा भात पुष्कळ कमी झाला आणि त्याचे शरीर हलके झाले.

व्यापाराच्या नजरेने ही कथा पाहा. गाथा राजाला फुकट मिळाली होती. त्याने पैसे मोजले ते रोज, न चुकता, नेमक्या जेवणाच्या वेळी आठवण करून देणाऱ्या माणसाचे! ज्ञान स्वस्त असते, नियम टिकवणे महाग असते. अडीच हजार वर्षांत यात फरक पडलेला नाही.

आपल्या रेल्वे फलाटावरचे वजनाचे यंत्र आठवा. नाणे टाकले की दिवे लुकलुकायचे, चक्र फिरायचे आणि पुठ्ठ्याचे तिकीट पडायचे. त्यावर वजन असे, भविष्य असे आणि नट-नटीचे चित्र असे. लोक गंमत म्हणून नाणे टाकत. पण त्या तिकिटाने कोणाचे वजन कमी झाल्याचे ऐकिवात नाही, कारण पुढच्या आठवड्यात "का रे, काय झाले?" असे विचारणारे तिथे कोणी नव्हते.

याउलट अमेरिकेत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन निडेच या गृहिणीचे पाहा. १९६१ मध्ये तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावून दर आठवड्याला वजनाविषयी एकमेकींशी मोकळे बोलायला सुरुवात केली. त्यातून १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली आणि १९७८ मध्ये हाइन्झ या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. तिचा मूळ माल म्हणजे आठवड्याची बैठक आणि विचारपूस. पुढे फुकटची अ‍ॅप आली, मग वजन उतरवणारी इंजेक्शने आली, डोक्यावर कर्जही फार होते. मे २०२५ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेऊन कर्ज हलके करावे लागले. जगभर नाव असलेल्या कंपनीची ही गत होते, हे नव्याने उतरणाऱ्याने लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण 'मायफिटनेसपाल' या अ‍ॅपचे. अंडर आर्मर कंपनीने २०१५ मध्ये ते साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरला घेतले आणि २०२० मध्ये साडेचौतीस कोटीला विकून टाकले. मधे २०१८ मध्ये त्याच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावे, ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले होते.

आता आपल्या पोरांचा जमाखर्च मांडू. दोघांना महिन्याला प्रत्येकी १५ हजार, म्हणजे एकूण ३० हजार सुटावेत, अशी अपेक्षा धरू. महिना वर्गणी ३० रुपये ठेवली. अ‍ॅप ज्या दुकानातून मोबाईलवर उतरते त्या दुकानाचे कमिशन असते. ते १५ टक्के धरू. दर बदलतात, म्हणून बेत करताना त्या दिवसाचा दर पाहावा. साडेचार रुपये कमिशन गेले, हाती साडेपंचवीस राहिले. कर वेगळा. ३० हजारांसाठी १,१७७ वर्गणीदार हवेत. फुकट वापरणाऱ्या शंभरांतले तिघे पैसे देतात असे धरले, तरी सुमारे ३९ हजार माणसांनी अ‍ॅप वापरायला हवे. एवढी अनोळखी माणसे जाहिरातीशिवाय येत नाहीत आणि जाहिरात फुकट होत नाही.

खरा खड्डा पुढेच आहे. कागदावर फोटो "सर्व्हरवर" ठेवायचे असे लिहिले होते. सर्व्हर म्हणजे दुसऱ्याची भाड्याची कोठी. एक फोटो ३ एमबीचा धरा. आठवड्याला तीन म्हणजे ९ एमबी, वर्षाला ४६८ एमबी. गुणिले ३९ हजार माणसे. वर्षाअखेर १८ हजार जीबीवर माल साठला. एका जीबीला महिन्याला दोन रुपये भाडे धरले, तरी महिना ३६ हजारांच्या वर गेले. उत्पन्न ३० हजार, कोठीचे भाडे ३६ हजार! फोटो बारीक करून निम्म्यावर आणले तरी १८ हजार जातातच. आणि पुढच्या वर्षी साठा दुप्पट होणार. धान्य विकले जाते, कोठी रिकामी होते. फोटो कधीच विकले जात नाहीत, भाडे मात्र चालूच राहते.

पैशाहून मोठी जोखीम अब्रूची आहे. हे फोटो कमी कपड्यांतले असतात. एका तरुण मुलीचा असा फोटो भलत्याच्या हाती गेला तर काय होईल, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्याकडे एक मोबाईल चार जण हाताळतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्याआधी आई-वडिलांची खात्रीची संमती घेणे त्यात बंधनकारक केले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दोन लाखांच्या भांडवलावर दुसऱ्याच्या लेकीबाळींच्या फोटोंची राखण अंगावर घेणे हा शहाणा सौदा नाही.

मग बेत सोडून द्यावा काय? मुळीच नाही. बेताची दिशा बदलावी. फोटो वापरणाऱ्याच्या मोबाईलमध्येच, कुलूपबंद राहू द्यावा. तो अ‍ॅपवाल्याकडे कधी येऊच नये. येथे अब्रू आणि पैसा दोन्ही एकाच वाटेने वाचतात. मोबाईल हरवला तर फोटोही जातील, हे गिऱ्हाईकाला आधीच स्पष्ट सांगावे आणि प्रत कुठे ठेवायची ते त्याचे त्याला ठरवू द्यावे.

दुसरे, गिऱ्हाईक बदलावे. आजचा सुदर्शन कोण? वस्तीतल्या व्यायामशाळेचा मास्तर, आहाराचा सल्ला देणारी ताई, भरतीची तयारी करून घेणारे सर. हे लोक चाळीस-पन्नास जणांच्या वजनाच्या नोंदी वहीत ठेवतात आणि कोण गळाला ते त्यांना महिन्याने कळते. त्यांना असे अ‍ॅप द्या, ज्यात सभासदाच्या संमतीने फक्त वजनाचा आकडा मास्तरापर्यंत जाईल, फोटो जाणार नाही. दहा दिवस नोंद आली नाही की मास्तराला कळेल आणि तो फोन करून विचारेल. सगळे मराठीत, मोठ्या अक्षरांत. एका व्यायामशाळेने महिना ३०० रुपये दिले तर ३० हजारांसाठी १०० व्यायामशाळा लागतात. शंभर मास्तर शोधणे कठीण आहे खरे, पण ते पायी हिंडून जमण्यासारखे आहे. ३९ हजार अनोळखी माणसे पायी हिंडून सापडत नाहीत.

आता फंडाचा प्रश्न. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार वाटे करायला सांगितले आहे. एक वाटा उपभोगाला, दोन वाटे उद्योगात आणि चौथा वाटा अडचणीच्या दिवसांसाठी राखून ठेवायचा. आईचा फंड हा चौथा वाटा आहे. त्याला हात लावू नये. सुरुवातीला जुना संगणक चालतो. अ‍ॅपच्या दुकानात नाव नोंदवायला गुगलकडे एकदाच २५ डॉलर लागतात. अ‍ॅपलकडे दरवर्षी ९९ डॉलर लागतात, ते नंतर पाहता येईल. पाच व्यायामशाळांनी तीन महिने नियमित पैसे दिले, तर त्या पावत्या घेऊन बँकेत जावे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात तारणाशिवाय ५० हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडेही चौकशी करावी. पावती दाखवणाऱ्या माणसाशी बँक वेगळ्या सुरात बोलते.

बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर, १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस या शहरात शोधून सापडला नसता. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. आज अ‍ॅप उतरवून घेणारा ते बनवणाऱ्याची जात विचारत नाही, म्हणून हा धंदा आपल्या मुलांना मोकळा वाटतो. ही वाट खरोखरच थोडी रुंद झाली आहे. जिथे जात आड येत नाही, तिथे हिशेब तरी आड येऊ नये!

माता-पित्यांना शेवटची विनंती. मुलगा किंवा मुलगी असा बेत घेऊन आली तर "हे आपले काम नाही" म्हणून उडवून लावू नका, आणि डोळे मिटून पासबुकही काढून देऊ नका. शेजारी बसवा आणि चार प्रश्न विचारा. पैसे कोण देणार? तो कशाचे देणार? गिऱ्हाईक वाढले तर खर्च किती वाढणार? आणि बुडाले तर आपल्याखेरीज आणखी कोणाचे नुकसान होणार? चारही उत्तरे पोराने कागदावर आकड्यांत लिहून दिली, तर त्याच्या पाठीशी उभे राहा. पहिल्या मास्तराकडे त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः जा.

जयभीम! नमो बुद्धाय!