पोटॅशची गोण आणि मोटरसायकलची चेन



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो. वर्षभर जू वाहिलेला खांदा तो. मोटरसायकलही पावसाळाभर चिखलातून दुधाच्या किटल्या, चाऱ्याचे भारे आणि खताच्या गोण्या वाहते. तिच्या वाट्याला मात्र दसऱ्याचा झेंडूचा हार तेवढा येतो. हार जरूर घाला, पण त्याआधी एक सकाळ तिच्या चेनसाठी आणि बेअरिंगसाठी काढा.

सुरुवात खताच्या गोणीपासून करतो, तो माझ्या खात्याचा विषय. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. गोणीच्या शिवणीतून सांडलेले दाणे ओल धरतात आणि लोखंडाला गंज चढवतात. अमोनियम सल्फेटही त्यातलेच. म्हणून खत वाहिले त्याच संध्याकाळी मागच्या चाकावर दोन बादल्या साधे पाणी ओता. ओता म्हणतो आहे. वॉशिंग सेंटरची प्रेशरची धार चाकाच्या मधोमध मारू देऊ नका. ती ऑइल सीलमधून पाणी आत घालते, ग्रीस दुधासारखे पांढरे होते आणि बेअरिंग आतून गंजू लागते. दामटत आणलेली गाडी तशीच ओढ्यात घातली तरी तेच होते. तापलेला हब एकदम गार पडला की आतली हवा आक्रसते आणि पाणी ओढून घेते.

आता चेन. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. किल्लीचे मुद्दाम सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वेळ वाचवायला मी गाडी चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला चिंधी धरली होती. चिंधी दात्यांत गेली आणि तिच्यामागून बोट. नख पुन्हा आले, पेर वाकडे ते वाकडेच राहिले. चाक हातानेच फिरवायचे, आणि तेव्हा लहान मुले जवळ नकोत. फिरत्या चाकात हात घालण्याची त्यांना भारी हौस.

कव्हर काढून जुना ब्रश रॉकेलात बुडवून चेन घासा. पेट्रोल नको, भडक्याची भीती आहेच, शिवाय कड्यांत रबरी रिंगा असलेली चेन असेल तर त्या खराब होतात. कोरडी पुसून नव्वद नंबरचे गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने कडीकडीवर थेंब थेंब सोडा. थोड्या वेळाने वरचे पुसून टाका. तेलाची गरज आतल्या पिनेला असते, वरच्या तेलाला नुसती धूळ चिकटते. कित्येक जण इंजिनातून काढलेले जळके ऑइल ओततात. त्यात धातूचा चुरा असतो. वरून ग्रीस थापले तर तेही आत पोचत नाही, मातीत मिसळून पॉलिश पेपरसारखे घासत राहते.

चेन वाढली असे आपण म्हणतो. लोखंड काही वाढत नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात. मागच्या चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढा. निम्मा दाता उघडा पडला तर चेन संपली. मग दोन्ही चक्रांसह पूर्ण सेट बदला, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही. चेन खालच्या बाजूला मध्यभागी साधारण २५ ते ३० मिलिमीटर हलावी. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. ताठ चेन बेअरिंग खाते. चेनलॉकचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवा.

बेअरिंगची परीक्षा सोपी. उचललेले चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा. कट्-कट् लागले, किंवा फिरवताना खरखर आली, तर चाक उतरवावे लागेल. सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या. काढलेले बेअरिंग रॉकेलात धुऊन, वाळवून हाताने फिरवा. अडखळले तर नवे आणा, नंबर कडेवर कोरलेला असतो. चांगले असेल तर बेअरिंगचे ग्रीस गोट्यांच्या मधे बोटाने दाबून भरा, पण पोकळी निम्मी रिकामी राहू द्या. बसवताना ठोका बाहेरच्या कड्यावर, आतल्यावर नव्हे. ग्रीसचा हात ब्रेक लायनरला लागू देऊ नका.

चेन ताणली की मागच्या ब्रेकची ढिलाईही बदलते. नट आवळून, चेनकव्हर बसवून आधी अंगणात हळू फिरवा आणि ब्रेक तपासा. उघड्या चेनच्या गाडीवर घरच्या बाईमाणसाला मागे बसवू नका, पदर ओढला जायला क्षणही लागत नाही.