आश्वासनांची खरेदी
व्हिडिओ गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने २०१३ मध्ये ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ सुरू केले आणि अपुरे व्हिडिओ गेम राजरोस विकले जाऊ लागले. ‘बाल्डर्स गेट ३’ असाच २०२० मध्ये अर्धवट आला आणि २०२३ मध्ये दिमाखात पूर्ण झाला. पण त्याच वर्षी ७ डिसेंबरला असाच अर्धवट आलेल्या ‘द डे बिफोर’च्या कंपनीने चारच दिवसांत गाशा गुंडाळला. तेव्हा गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले, हा अपवाद. एरवी खरेदीनंतर १४ दिवस किंवा खेळण्याचे २ तास उलटले की सहसा परतावा नाही. गेम पूर्ण होईलच याची हमी स्टीमही देत नाही. खाऊचे पैसे साठवणाऱ्या मुलांना हे आधीच सांगायला हवे. आज हातात येणारा खेळ तेवढाच आवडला तर घ्या. नाहीतर पूर्ण होईपर्यंत थांबा.