समन्सवरचे 10 दिवस
सूत घेतलं, बिल थकलं, व्यापाऱ्याने समरी सूट, म्हणजे झटपट निकालाचा दावा, लावला. इचलकरंजीची अशी प्रकरणं माझ्याकडे बहुतेकदा हुकूमनामा झाल्यावरच येतात. "मॅडम, अपील करा, वरच्या कोर्टात सगळं सांगतो," असं यंत्रमागवाले म्हणतात, आणि मला त्यांना तिथेच थांबवावं लागतं.

एका पक्षकाराचा बचाव खरोखर भक्कम होता. सूत मागावर चढवल्यापासून धागा सारखा तुटत होता. त्याने व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले होते, उरलेला माल परत न्यायला सांगितलं होतं. कापड घेणाऱ्याने दोषापायी पैसे कापले, त्याची चिठ्ठीही जपून ठेवली होती. यातला एकही कागद न्यायाधीशांपुढे गेला नाही. समन्स आलं तेव्हा 'तारखेला जाऊ' म्हणून त्याने ते कपाटात ठेवलं होतं.

साध्या दाव्यात कैफियतीला 30 दिवस मिळतात, कोर्ट मुदत वाढवूनही देतं. लोकांच्या मनात तोच हिशेब असतो. पण समरी सूटमध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजर व्हावं लागतं. पुढे निकालासाठीचं समन्स बजावलं की आणखी 10 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायची. हजरच झालं नाही, तर वादीचं म्हणणं कबूल धरून हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायला 'विशेष परिस्थिती' दाखवावी लागते.

ही चूक अपिलात भरून निघत नाही. अपील कोर्ट खालचं रेकॉर्ड वाचतं. नवा पुरावा फार थोड्या कारणांसाठी घेतला जातो. 3 लाख किंवा त्याहून मोठा मालविक्रीचा वाद व्यापारी न्यायालयात चालला असेल तर अपिलाला 60 दिवस. त्यापुढचा विलंब अपवाद म्हणूनच माफ होईल, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बोर्से ब्रदर्स प्रकरणात बजावलं आहे. शिवाय नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. स्थगिती मागावी, तर आधी रक्कम भरण्याची अट पडू शकते.

बचाव वेळेत मांडूनही परवानगी नाकारली गेली, तर मात्र मी हिरिरीने अपील लढवते. तपासून पाहण्याजोगा मुद्दा असेल तर प्रतिवादीला ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या हबटाऊन निकालाने पुन्हा स्पष्ट केलं आहे.

उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्याला झटपट निकाल हवाच. समरी सूट बंद करा असं मी म्हणणार नाही. बदल समन्सच्या कागदात हवा. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. मग 'दहा दिवसांत हजर न झाल्यास तुमचं न ऐकता निकाल होईल' हे वाक्य पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत का नको? बेलिफाने ते वाचून दाखवावं आणि मगच पोचेवर सही घ्यावी. संहितेच्या कलम 122 ने नियमांत दुरुस्तीचा अधिकार उच्च न्यायालयाला दिला आहे. तो या एका ओळीसाठी वापरावा, अशी माझी मागणी आहे.