हापशाची बिअर आणि सिलिंडरचा मोह

आमचे चिरंजीव लीड्सला घरीच बिअर करतात हे कळल्यापासून नातेवाइकांत 'मास्तरांकडे भट्टी' अशी कुजबुज आहे. तिकडे १९६३ पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. तो विषय संपला. माझं भांडण चिरंजीवांशीच आहे.

ह्या बिअरला 'रिअल एल' म्हणतात. पिंपात भरल्यावरही तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, ती तिथेच मुरते. वरून गॅस सोडायचा नाही. प्यायची वेळ आली की दांडा ओढून हापशाने खेचायची. पण जेवढी बिअर बाहेर, तेवढी हवा आत! तीन-चार दिवसांत चव उतरते.

म्हणून ह्यांना आता सिलिंडर जोडायचाय. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आत जाईल आणि पिंप जास्त दिवस टिकेल. 'कॅमरा' ह्या १९७१ च्या ग्राहक चळवळीनेही २०१८ मध्ये ह्याचा विरोध सोडला, हा ह्यांचा पुरावा.

अरे, पबवाल्याला नासलेली बिअर ओतून देणं परवडत नाही. तुला कुठे गल्ला मोजायचाय? तुझं पिंप छत्तीस पिंटांचं, म्हणजे वीस लिटर. एकट्याने संपणार नाही म्हणूनच तर तू माणसं बोलावतोस! शेजारचे आजोबा दोन वर्षं कुंपणापलीकडून नुसती मान हलवायचे. मी तिथे होतो तेव्हा ते पिंप संपवायला आले आणि रात्री दहापर्यंत बसले. (मी सरबतावर होतो, हे ताईसाठी.) सिलिंडर असता तर 'पुढच्या आठवड्यात बोलावू' म्हणाला असतास.

पुढचं पिंप लावशील तेव्हा आधी त्यांना फोन कर. आणि सिलिंडरची ऑर्डर रद्द कर.