पेरणीचे बी आणि श्रद्धेचे बी

खरिपात सोयाबीन उगवले नाही, तर लातूर वा नांदेड जिल्ह्यातील शेतकरी कृषी खात्याकडे तक्रार नोंदवितो. बियाण्याची पिशवी आणि दुकानाची पावती त्याने जपून ठेवलेली असते. शेतात पंचनामा होतो आणि दोष बियाण्याचा, पावसाचा की पेरणीचा याचा काही एक निवाडा केला जातो. २०२० च्या खरिपात अशा तक्रारींचा मराठवाड्यात अक्षरशः पाऊस पडला होता. भरपाई पदरात पडतेच असे नव्हे. परंतु बी विकणाऱ्यास जाब विचारता येतो, हे कोणी नाकारीत नाही.

याच मुलखात आणखी एका बियाण्याची जाहिरात आता दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्या मार्गाने घरोघर पोहोचली आहे. ओरल रॉबर्ट्स या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९७० च्या सुमारास ‘श्रद्धेचे बी’ ही कल्पना लोकप्रिय केली. प्रचारकाच्या कार्यास द्रव्य द्यावे, ते बी होय, आणि देव त्याचे पीक अनेक पटींनी परत करील, असा तिचा आशय. पुढे तिचे अनुकरण जगभर झाले. कर्ज फिटेल, नोकरी लागेल, दुखणे जाईल, अशी आश्वासने तिला जोडली गेली. हे बी उगवले नाही, तर पंचनामा होत नाही. देणाऱ्याचीच श्रद्धा उणी पडली, असे त्यास सांगितले जाते आणि आणखी देण्याचा सल्ला मिळतो. सर्व जोखीम एका पक्षाकडे व सर्व लाभ दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार आहे. सावकारालाही क्वचित बुडीत खात्याची धास्ती असते. येथे तीही नाही.

आश्चर्य असे, की ज्या ग्रंथाचा आधार घेऊन हे चालते, त्यातील पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताचा अर्थ येशूने स्वतःच उलगडून सांगितला आहे. त्यातील बी म्हणजे देवाचे वचन. पैशाचा तेथे संबंधच नाही. वस्तुतः फसवणुकीविषयी इतकी स्पष्ट ताकीद देणारे धर्मग्रंथ थोडे असतील. खोटे संदेष्टे मेंढरांच्या वेषात येतील, हा इशारा शुभवर्तमानातच आहे. प्रत्येक गोष्ट पारखून घ्यावी, असे पौल थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहितो. आणि बिरुयातील लोक खुद्द पौलाचे प्रवचन शास्त्राशी ताडून पाहत, याबद्दल त्यांची प्रशंसाच केलेली आढळते. अरण्यातील परीक्षेचा प्रसंग तर विशेष बोलका आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सुचविताना सैतान शास्त्रवचनाचाच दाखला देतो. तेव्हा ओठांवर वचने असणे, ही प्रामाणिकपणाची खूण नव्हे.

पारखण्याची ही वृत्ती मराठी ख्रिस्ती परंपरेस परकी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटलेली ही विदुषी दुसऱ्या धर्मपीठाचे जोखड डोळे मिटून मानेवर घेण्यास त्यात साफ नकार देते. त्यामुळे तिच्या निष्ठेत उणेपणा आला नाही. आयुष्याची अखेरची वर्षे तिने मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात वेचली. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते स्वतः वाचता यावे, ही त्यामागची तळमळ होती. एकनाथांनी भारुडांतून भोंदूंची जी खिल्ली उडविली, तीही याच जातीची. श्रद्धेच्या आतूनच केलेली.

रोगनिवारणाच्या दाव्यांचा प्रश्न द्रव्यहानीहून गंभीर आहे. क्षयाचे उदाहरण घ्यावे. औषधोपचार साधारणतः सहा महिने चालतो. परंतु पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. नेमक्या याच वेळी रोगी एखाद्या सभेस गेला आणि तेथे बरे झाल्याची घोषणा झाली, तर त्याचा स्वतःचा अनुभवच त्याला फसवितो. गोळ्या सुटतात, रोग उलटतो, आणि जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. येशूने बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यास याजकाकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितले, हे येथे स्मरावे. शरीरशुद्धीचा दाखला देण्याचा अधिकार त्या काळी याजकाचा होता. आज तो डॉक्टरांचा आहे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उघडले, तेव्हा प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत त्यांना विरोध दिसला नव्हता. बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद मार्गाने लातूर पुढे त्याच मिरजेशी जोडले गेले. (२०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी आली, तीही मिरजेहूनच.)

तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांस फसविणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अपराध ठरविला आहे. सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. हा कायदा कोणत्याही एका धर्माविरुद्ध नाही आणि प्रार्थना, उपासना यांस तो हात लावीत नाही. तथापि पोलिसांकडे जाण्याचे धैर्य मराठवाड्यातील लहानशा आणि बऱ्याच अंशी दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांत सहसा होत नाही, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. घरातील दोष बाहेर बोलला, की साऱ्या समाजावरच ‘फसवून धर्मांतर’ केल्याचा शिक्का मारण्यास काही मंडळी टपलेलीच असतात. या भीतीची किंमत शेवटी फसविला गेलेला श्रद्धाळूच मोजतो. मौनाचा परिणाम कोणत्या थरास जाऊ शकतो, हे १९७८ साली गयानातील जोन्सटाउन येथे नऊशेहून अधिक बळी गेले तेव्हा आणि २०२३ मध्ये केनियातील शाकाहोला येथे उपासमारीने मेलेल्यांची चारशेहून अधिक प्रेते उकरली गेली तेव्हा जगाने पाहिले आहे. आपल्याकडे तसे घडेल, असे म्हणण्याचे कारण नाही. गोळ्यांचे अर्धवट राहिलेले पाकीट मात्र येथेही कोणाच्या तरी उशाशी सापडू शकते, आणि ते प्रथम दिसते शेजाऱ्याला, शाळेतील गुरुजींना किंवा मंडळीच्या पाळकाला, पोलिसांना नव्हे.